देहाची मोजणी आणि मोटारीची हद्द

आदोल्फ केतले नावाच्या बेल्जियन पंडिताने १८३५ साली आपल्या ग्रंथात ‘सरासरी मनुष्य’ या काल्पनिक इसमाची प्रतिष्ठापना केली, आणि तेव्हापासून खुर्च्या, न्हाणीघरे, नाट्यगृहांतील आसने व वाहनांच्या बैठका या साऱ्या त्या इसमाच्या सोयीने निर्माण होत आल्या आहेत, ही गोष्ट ज्यांचा देह त्या सरासरीत निमूटपणे मावतो त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची जी युक्ती आजचे डॉक्टर आम्हा स्थूल माणसांविरुद्ध पुरावा म्हणून वापरतात, तीही याच केतलेची. म्हणजे एकाच गृहस्थाने प्रथम आम्हांस जगाच्या मापातून खारीज केले, आणि वर आमच्यावर आरोपपत्र ठेवण्याची तजवीजही करून ठेवली. माझी उंची सहा फूट आणि वजन ११८ किलो असून, शहापूर तालुक्यातील प्राथमिक शाळांतून हयातभर मास्तरकी केल्यानंतर निवृत्तीच्या रकमेतून स्वतःची मोटार घ्यावी, आणि तीही तयार न घेता सुटे भाग आणवून आपल्या देखत, आपल्या अंगाच्या मापाने जोडून घ्यावी, असा विचार माझ्या मनात का उद्भवला, हे एवढ्या कैफियतीवरून चाणाक्ष वाचकांस उमगेल.

मोटारीची तुम्हांस गरजच काय, असे शहरातला मनुष्य विचारील. मुरबाडास रेल्वे नाही. शहापुरास आहे म्हणावे, तर तिचे स्थानक आसनगावी. तेथून पुढे शेणवे, किन्हवली, डोळखांब, आणि मुरबाडच्या बाजूने सरळगाव, टोकावडे, धसई या साऱ्या मुलखाचा भार एस.टी. आणि काळी-पिवळी जीप या दोघींनी वाहायचा. काळी-पिवळीच्या चालकाइतका स्वदेहाविषयी निर्विकार झालेला पुरुष मी अन्यत्र पाहिलेला नाही. त्याच्या डावीकडे दोघे-तिघे उतारू आणि उजवीकडे, म्हणजे जिथे सृष्टीच्या नियमानुसार केवळ वारा असावयाचा तिथे, आणखी एक, एवढी मांडणी पुरी झाल्याखेरीज त्या गाडीस गती येत नाही. आणि मग एका मांडीवर बसून, निम्मे शरीर कोणाच्या तरी खांद्याआड ठेवून, गिअरचा दांडा परक्या गृहस्थाच्या गुडघ्यांमधून हुडकून काढीत तो निर्धास्तपणे माळशेजच्या दिशेने निघतो. अशा गाडीत ‘‘गुरुजी, तुम्ही पुढं बसा’’ असा मान मला नेहमी मिळतो. या मानाचे मूळ माझ्या विद्येत नाही. माझ्याकडून दोन माणसांचे भाडे मागणे त्या चालकाच्या संस्कारात बसत नाही, आणि मला मागे बसविणे त्याच्या हिशेबात बसत नाही.

विलायतेत सुट्या भागांच्या मोटारीचा जो संप्रदाय आहे, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. तयार मोटारीवर तेथील सरकार जबर खरेदीकर बसवीत असे. तीच मोटार चाके, इंजिन, सांगाडा व पत्रे अशा विस्कळित अवस्थेत घरी नेली, तर मात्र तिच्यावर तो कर नसे. कॉलिन चॅपमन याने १९५७ साली काढलेली ‘लोटस सेव्हन’ ही चिमुकली, उघडी मोटार या सवलतीवरच फोफावली, आणि इंग्लंडातील कित्येक कारकून, शिक्षक व दंतवैद्य आपापल्या मोटारखान्यात रविवारी पाना घेऊन उताणे पडू लागले. असे सांगतात की, मोटार कशी जोडावी याच्या सूचना सोबत दिल्यास ती करमुक्त राहत नसे, म्हणून कंपनीने ती कशी खोलावी याच्या सूचना छापल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचावयाच्या होत्या. ही आख्यायिका असेल. परंतु कायद्याचे असे अक्षरशः पालन करणारे लोक दीडशे वर्षे आपल्यावर राज्य करून गेले, हे ध्यानात घेता ती खरी मानण्याकडे माझा कल आहे. पुढे १९७३ साली खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सवलत संपली. तथापि हौस संपली नाही, व सेव्हनचे हक्क घेऊन कॅटरहॅम नावाची कंपनी आजतागायत तोच सांगाडा विकीत आहे.

कापड आणून शिंप्याकडे टाकावे आणि त्याने आपल्या पोटाचा घेर तोंडातून अवाक्षर न काढता वहीत टिपून घ्यावा, तसा काहीसा हा मामला असेल, अशी कल्पना करून मी या मोटारींच्या मापांचा तपशील जमविला. आणि जसजसा तपशील जमला, तसतसे असे दिसून आले की या मोटारी हौशी माणसासाठी असल्या, तरी ती हौस कृश माणसाने करावी असाच त्यांच्या कर्त्याचा अभिप्राय होता. चॅपमनचे सारे तत्त्वज्ञान भार कमी करण्याचे. त्याची सेव्हन जेमतेम पाचशे किलोंच्या आसपास भरावयाची. तिच्यात मी बसलो की चालत्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा मी स्वतःच होतो. म्हणजे त्या मोटारीचा इंजिनाखालोखाल महत्त्वाचा अवयव मी. पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा बोल्ट बसवून चार-दोन तोळे वाचविणाऱ्या त्या तपस्व्यांची साधना, आणि होळीच्या दिवशी माझ्या पानात पडणाऱ्या पुरणपोळ्यांची संख्या, या दोहोंचा मेळ कोणत्याही शास्त्राने घालता येणार नाही.

ज्या जागा प्रत्यक्ष अडतात त्या जाणून घेतल्या पाहिजेत, कारण भरदार देहाच्या माणसास मोटार विकणारा इसम त्या कधीही आपण होऊन सांगत नाही. पहिली अडचण पायांची. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये पायांसाठी जी पेटी उरते ती इतकी अरुंद असते की क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर ही त्रिमूर्ती परस्परांस चिकटून उभी राहते, आणि कोल्हापुरी चपलेचा रुंद तळवा तिघांवर एकदम पडून मोटारीस एकाच क्षणी थांबण्याची व धावण्याची आज्ञा मिळते. म्हणून तिकडील लोक अरुंद पातळ जोडे घालतात. दुसरी अडचण कमरेची: एका बाजूस गिअरचा बोगदा, दुसऱ्या बाजूस सांगाड्याची नळी, आणि या दोन हद्दींच्या दरम्यान जे क्षेत्र उरेल त्यात चालकाने आपला पूर्ण वहिवाटीचा हक्क शाबीत करावयाचा. तिसरी स्टेअरिंगची, जे मांड्या आणि पोट या दोहोंच्या संगमावर नेमके येऊन टेकते. याला उपाय असा की ते चक्र खटक्यासरशी काढता येते. चालकाने प्रथम बसावे आणि मग ते बसवावे. गाडी चालविण्याचे मुख्य साधन हातात धरून, पाय पसरून, ते आता कोठे ठेवावे याचा विचार करीत बसलेला वयस्क मनुष्य किन्हवलीच्या बाजारपेठेत कसा दिसेल, याचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

कॅटरहॅमवाल्यांस आमची दया आली नाही असे मात्र नाही. त्यांनी सुमारे अकरा सेंटिमीटर अधिक रुंद असा एक निराळा सांगाडा काढला. शिवाय बैठकीखालचा पत्रा खाली उतरवून देण्याचीही सोय ठेवली. याच्या उलट टोकाची एक हकीकत अमेरिकनांची. डॅन गर्नी हा सहा फुटांहून पुष्कळच उंच असा शर्यतपटू. १९६७ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्ड कंपनीच्या मोटारीत त्याचे शिरस्त्राण छतास लागू लागले, तेव्हा मोटारकर्त्यांनी त्याला मान वाकविण्याचा सल्ला न देता छतासच एक फुगवटा काढून दिला, आणि ए. जे. फॉइट याच्या जोडीने ती शर्यत त्याने जिंकली. त्या फुगवट्यास अद्याप त्याचेच नाव आहे. वरच्या दिशेने वाढलेल्या माणसास जगाने असा नेहमीच सन्मान दिला आहे. आडव्या दिशेने वाढलेल्या एखाद्यासाठी दाराला फुगवटा काढला आणि त्यास त्याचे नाव दिले, असे उदाहरण मला कोठेही आढळले नाही.

आता आसनगावास अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आहे, आणि एकंदरीतच आपल्याकडील विद्यार्थी हल्ली स्पर्धांसाठी छोट्या शर्यतीच्या मोटारी स्वतः जोडतात, हे ऐकून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलास बोलावून घेतले. तो म्हणाला, ‘‘आजोबा, काळजी नको. मोठ्या माणसाचं माप नियमातच दिलेलं असतं.’’ फॉर्म्युला एसएई नामक स्पर्धेच्या नियमांत खरोखरच एक कागदी पुरुष आहे, त्याचे नाव पर्सी. शंभरांतील पंच्याण्णव पुरुष ज्याच्याहून लहान भरतील असा तो धिप्पाड गडी समजला जातो, आणि तो बसेल एवढी जागा प्रत्येक मोटारीत ठेवावीच लागते. मुलाने त्याची आकृती काढून दाखविली. शिरस्त्राणासह मस्तकाचे वर्तुळ तीनशे मिलिमीटर व्यासाचे. आणि कंबर व नितंब मिळून जे वर्तुळ, ते अवघे दोनशे मिलिमीटरांचे. ज्याचे डोके त्याच्या बैठकीच्या दीडपट आहे असा पुरुष कोठल्या तालुक्यात राहतो, याची चौकशी मी करणार होतो. पण मुलाने समजूत घातली की हे बाजूने घेतलेले माप आहे. मी बाजूने उभा राहून दाखविले. मग तो विषय त्याने वाढविला नाही.

विलायत सोडून स्वदेशाकडे वळावे, तर आपला देश सुट्या भागांच्या मोटारीस परका मुळीच नाही. आपली जीप तरी दुसरी कोण? १९४९ साली महिंद्र कंपनीने मुंबईस माझगावात विलिस जीपा जोडावयास घेतल्या, त्या अमेरिकेहून पेट्यांत सुट्या होऊनच आलेल्या होत्या. त्या लष्करी वंशाच्या जीपेत चालकाची गादी बरोबर पेट्रोलच्या टाकीवर मांडलेली असे, ही व्यवस्था माझ्या वजनाच्या माणसाने फार वेळ चिंतन करण्याजोगी नव्हे. परंतु तिला दार नसे, हा मात्र तिचा थोर गुण. जिथे दार नाही तिथे देहास हद्द नाही. जे आत मावेल ते आत राहते, उरलेले सरकारी रस्त्यावर सुखाने लोंबते, आणि त्याबद्दल कोणी अतिक्रमणाची नोटीस काढीत नाही. हरियाणातील मंडी डबवाली येथे जुन्या सुट्या भागांतून अशा उघड्या जीपा गिऱ्हाइकाच्या फर्माइशीनुसार बांधून देण्याचा मोठा धंदाच चाले. आणि आपल्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे येथे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या गृहस्थाने भंगारातून साठेक हजार रुपयांत एक बुटकी जीप उभी केली, जी फटफटीप्रमाणे लाथ मारून सुरू करावी लागे. २०२१ च्या डिसेंबरात तिची कीर्ती आनंद महिंद्र यांच्या कानी गेली. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या सरकार ती अडवील, हे जाणून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि पुढल्या महिन्यात ती त्या कुटुंबास मिळालीही. त्या जीपेचे छायाचित्र मी बारकाईने पाहिले. प्रतिभेला वंदन करून मी ते मिटले. तिच्यात माझा एक पाय उत्तम बसला असता.

अखेरीस किन्हवलीच्या रस्त्यावरील एका मिस्त्रीकडे मी गेलो. हा मनुष्य भाताच्या मळणीयंत्रापासून पाण्याच्या टँकरपर्यंत वाटेल ते जोडून देतो, आणि त्याचे ऐकून घेण्याचे धैर्य अपूर्व आहे. त्याने सांगितले, ‘‘गुरुजी, लोखंड कापण्याआधी लाकडात करून बघू. खोटी गाडी करू, तुम्ही बसा, मग खरी.’’ विलायतेतील जाणकारही नेमका हाच सल्ला देतात हे त्याला ठाऊक नव्हते. प्लायवूडचे तुकडे, दोन फळ्या, बाभळीचा ओंडका बोगद्याच्या जागी, आणि स्टेअरिंगच्या ऐवजी पिठाच्या चाळणीची कड, एवढ्या सामग्रीवर सेव्हनची प्रतिमा त्याच्या अंगणात साकार झाली. मी तिच्यात उतरलो. बसलो. पाय पसरले, हात फिरविले, आणि विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिले. मिस्त्री विडी विझवून शांतपणे म्हणाला, ‘‘बसणं काय, कोणीही बसतो. आता उठून दाखवा.’’

उठणे ही जी क्रिया आपण दिवसातून कित्येकदा विनाविचार करतो, तिच्यात देहाच्या किती खात्यांची मंजुरी लागते हे त्या वेळी कळते. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेल्या माणसास आधाराला वर काहीच नसते. हात बाजूस टेकावेत तर फळी करकरते. पाय मागे घ्यावेत तर पेटी सोडीत नाही. तोपर्यंत कुंपणापाशी मंडळी जमली होती, आणि त्यांत माझ्या हाताखालून गेलेले, ज्यांना मी बाकावर उभे राहण्याची शिक्षा पूर्वी अनेकदा फर्मावली होती, असे तिघे-चौघे होते. त्यांनी मला उभे केले. गुरुऋण या विषयावर इतके दिवस मी वर्गात जे बोलत आलो, त्याचा पाठ त्यांनी चांगला केला होता.

बैठकीखालचा पत्रा खाली घेण्याचा विलायती उपाय मिस्त्रीने ऐकून घेतला आणि एकच प्रश्न केला: खाली म्हणजे किती खाली, आणि गतिरोधकाचे काय? आमच्या भागातील गतिरोधक हे कोणत्याही पुस्तकातील मापाबरहुकूम नसून, ज्या गावच्या बकऱ्या जितक्या मोलाच्या तितका तो उंच, असा काहीसा दंडक दिसतो. सेव्हनसारखी मोटार मुळातच रस्त्याला चिकटलेली; तिचा तळ माझ्यासाठी आणखी उतरविला, त्यावर माझ्या भाराने स्प्रिंगा दबल्या, आणि शहापूर-मुरबाड रस्त्यावर एखाद्या शाळेपुढचा गतिरोधक आडवा आला, म्हणजे त्या गतिरोधकाची पैमाष मी जातीने, आणि तीही बसल्या जागी, करणार हे उघड होते. शिवाय पाऊस. आषाढापासून भाद्रपदापर्यंत सह्याद्रीच्या या पायथ्याशी जे कोसळते, त्यात कापडी छत लावल्याविना गती नाही. आणि छत चढविलेल्या त्या मोटारीत शिरण्यासाठी प्रथम एक पाय, मग बैठक, मग उरलेला पाय आणि सर्वांत शेवटी मस्तक, असा जो क्रम सांगितलेला आहे, तो हठयोगाच्या ग्रंथांत शोभावा.

भाराचा प्रश्नही मिस्त्रीने निकालात काढण्याचा यत्न केला. शर्यतीच्या मोटारींच्या चारही चाकांवर किती भार पडतो हे चालकास आत बसवूनच तोलतात, असे मी त्याला वाचून दाखविले होते. तेव्हा त्याने मला आपल्या टेम्पोत बसवून, ज्या वजनकाट्यावर पेंढ्याचे ट्रक तोलले जातात तिथे नेले. त्या काट्यास दहा किलोंच्या आतला फरक समजत नाही. मी खाली उतरलो तो मात्र त्याला तत्काळ समजला, आणि काट्यावरच्या मुलाने खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले, ‘‘माल कुठं उतरवला?’’

कायद्याची बाजू मी सर्वांत शेवटी पाहिली, कारण कायदा हा आपल्याकडे सर्वांत शेवटीच पाहण्याची रीत आहे. इंग्लंडात एकट्या माणसाने जोडलेल्या एकट्या मोटारीची तपासणी करून तिला दाखला देण्याची व्यवस्था आहे; आपल्याकडे मोटारीच्या नमुन्यास पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेची मान्यता असावी लागते, आणि अंगणातील एका मोटारीसाठी तो खटाटोप कोणास परवडावा? बरे, जुनी गाडी घेऊन तीच आपल्या मापाने बदलून घ्यावी, तर मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२. उत्पादकाने मुळात जे नमूद केले त्याच्याशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येणार नाही, असे ते कलम म्हणते. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच कलमात दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेण्याची वाट ठेविलेली आहे, आणि ती रास्तच आहे. स्थूल मनुष्य त्या व्याख्येत बसत नाही. कोठेही न बसण्याचा सराव असल्यामुळे मला त्याचे विशेष वाटले नाही.

सबब, सर्व बाबींचा विचार होऊन, एक जुनी पण कागदपत्रांनी निर्मळ अशी डिझेल जीप घेतली. नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या नव्याकोऱ्या थार मोठ्या ट्रकांवर आरूढ होऊन कसारा घाटाने मुंबईकडे उतरताना आम्हांला दिसतात, त्यांच्याकडे पाहून मिस्त्री हळहळतो. परंतु त्यांच्या किमतीत आणि माझ्या निवृत्तीच्या रकमेत जे अंतर आहे ते कोणत्याही घाटाने उतरता येण्याजोगे नाही. या जीपेतही स्टेअरिंग पोटास लागत होते. मिस्त्रीने सांगाड्यास हात लावला नाही, इंजिनास लावला नाही, नोंदणीपुस्तकातील एकाही रकान्यास बाध येऊ दिला नाही. केवळ चालकाच्या बैठकीची पट्टी सोडवून, नवी भोके पाडून, ती चार बोटे मागे सरकविली आणि गादीतील भुसा निम्मा केला. मी आता आत बसतो, आणि मुख्य म्हणजे उठतो. पौषी पौर्णिमेस म्हशाच्या जत्रेस आम्ही हीच गाडी घेऊन गेलो. बैलांच्या बाजारात एका वृद्ध शेतकऱ्याने गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि खरेदीस आलेल्या माणसाच्या चोखंदळ नजरेने, ‘‘जोड बरी जमलीय’’ असा अभिप्राय दिला.

चार बोटे जी मागे गेली, ती अर्थातच मागच्या बाकापुढील जागेतून गेली. तेथे आमच्या सौ. बसतात. आपले गुडघे आपल्याच हनुवटीस लागतात, अशी त्यांची तोंडी तक्रार म्हशापासून सरळगावापर्यंत चालू होती, आणि घरी आल्यावर ती साक्षीपुराव्यानिशी फिरून दाखल झाली. बैठक चार बोटे पुढे घ्यावी अथवा माझे पोट तितकेच मागे घ्यावे, अशी त्यांची मागणी असून, मिस्त्रीस पंच म्हणून पाचारण करण्यात आले आहे. तो सध्या भाताच्या झोडणीत गुंतलेला असल्याने सुनावणी तूर्त तहकूब आहे.